रक्त गोठलं तरी धोका, नाही गोठलं तरी धोका : हार्ट सर्जरी, आयएनआर आणि माझ्या अलार्मची चूक

एरवी मी इथे फोन, ॲप आणि सेटिंग्जबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटी गाडी फोनवरच येते, म्हणून पूर्ण वाचा. तुमच्या घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर नक्कीच वाचा.

मागच्या वर्षी माझ्या आईच्या हृदयाची एक झडप बदलली. लहानपणी आलेल्या रुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप खराब झाली होती आणि ते कळलं पन्नाशीच्या जवळ, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. ऑपरेशन पुण्यात झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झडप छान बसलीय." आम्ही चहा प्यायला खाली गेलो. दोन तासांनी आयसीयूतून फोन आला की ब्लीडिंग जास्त होतंय, पेशंटला परत आत घेतोय, प्लेटलेट्स लागतील, डोनर बघून ठेवा.

मी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. अर्ध्या तासात चार जण आले. बाबा कोपऱ्यात गप्प बसून होते. माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. रक्त गोठू नये म्हणून औषध यांनीच दिलं, आणि आता रक्त थांबत नाही म्हणून धावपळही हेच करतायत. हे काय चाललंय?

आई सुखरूप बाहेर आली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारून आणि बरंच वाचून जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

रक्त गोठतं म्हणजे नक्की काय होतं?

भाजी चिरताना बोट कापलं की दोन कामं जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात.

पहिलं काम प्लेटलेट्सचं. या रक्तातल्या अगदी बारीक पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की त्या तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना बोलावतात आणि भोकाला कच्चं बूच लावतात.

दुसरं काम रक्तातल्या प्रोटीन्सचं. त्यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात. एक फॅक्टर दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम तयार होतं. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे बनवतं. या धाग्यांचं जाळं प्लेटलेट्सच्या बुचाभोवती बसलं की गुठळी पक्की होते.

गंमत म्हणजे थ्रॉम्बिन आधीच्या फॅक्टर्सना आणखी जोराने कामाला लावतं, म्हणजे स्वतःच स्वतःला वाढवतं. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल की अशा लूपला ब्रेक हवाच, नाहीतर एका कापलेल्या बोटापायी अंगातलं सगळं रक्त गोठेल. तो ब्रेक शरीरात असतो. अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रोटीन थ्रॉम्बिनला पकडून बंद करतं. आणि काम झाल्यावर प्लास्मिन नावाचं एन्झाइम गुठळी हळूहळू विरघळवतं.

थोडक्यात, गोठवणारे आणि न गोठू देणारे असे दोन्ही गट आपल्या अंगात चोवीस तास कामावर असतात. तब्येत ठीक असणं म्हणजे त्यांचा तराजू समतोल असणं. हार्ट सर्जरीत हाच तराजू डॉक्टरांना मुद्दाम एका बाजूला पूर्ण झुकवावा लागतो आणि काही तासांत परत सरळ करावा लागतो.

हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त का गोठतं?

झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसांचं काम एक मशीन करतं. रक्त नळ्यांमधून मशीनमध्ये येतं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो आणि पंपाने ते परत शरीरात जातं. हे मशीन वापरून माणसावर पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केलं.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक गुळगुळीत अस्तर असतं. ते रक्ताला सतत सांगत असतं की सगळं ठीक आहे, गोठू नकोस. मशीनच्या प्लास्टिकच्या नळ्यांना असं अस्तर नसतं. रक्त प्लास्टिकला लागलं की त्याला वाटतं जखम झाली, आणि गोठायची साखळी सुरू होते. मशीनमध्ये गुठळी झाली तर मशीन बंद पडू शकतं, आणि तीच गुठळी मेंदूत गेली तर स्ट्रोक.

म्हणून मशीन जोडण्याआधी हेपॅरिन देतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला १९१६ मध्ये कुत्र्याच्या लिव्हरच्या अर्कात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. हेपॅरिनची गोष्ट तिथून सुरू होते. आज ते बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात. ते स्वतः थ्रॉम्बिनला मारत नाही. आपल्याच अँटिथ्रॉम्बिनचा वेग सुमारे हजार पटीने वाढवतं.

डोस असतो वजनाच्या किलोमागे साधारण ३०० ते ४०० युनिट. तो पुरेसा झाला का हे बघायला एसीटी नावाची टेस्ट ऑपरेशन टेबलच्या शेजारीच करतात. थोडं रक्त ट्यूबमध्ये घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एरवी हा आकडा १०० ते १३० सेकंदांच्या आसपास असतो. मशीन चालू करण्याआधी तो बहुतेक ठिकाणी ४८० च्या वर नेतात. म्हणजे त्या काही तासांत पेशंटचं रक्त जवळजवळ गोठतच नाही.

मग नंतर रक्त का थांबत नाही?

ऑपरेशन संपलं की हेपॅरिनचा उतारा देतात. त्याचं नाव प्रोटामिन, आणि ते मूळचं सॅमन माशाच्या शुक्रपेशींमधून मिळालेलं प्रोटीन आहे. हेपॅरिनवर ऋण चार्ज असतो आणि प्रोटामिनवर धन, त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटून निष्क्रिय होतात. ऐकायला वाटतं स्विच ऑफ केला, विषय संपला. पण तसं होत नाही, कारण मधल्या काही तासांत बरंच काही बिघडलेलं असतं.

१. मशीनच्या नळ्या आधीच सलाइनसारख्या द्रवाने भरलेल्या असतात. तो मिसळला की रक्त पातळ होतं. प्लेटलेट्स आणि फॅक्टर्स दोन्हींचं प्रमाण घटतं.

२. बऱ्याच प्लेटलेट्स मशीनमध्ये खर्च होतात. ज्या उरतात त्या थकलेल्या असतात. रिपोर्टमध्ये आकडा बरा दिसतो, पण काम नीट होत नाही.

३. ऑपरेशनमध्ये शरीर बऱ्याचदा थंड करतात. थंड रक्त नीट गोठत नाही.

४. गुठळी विरघळवणारं प्लास्मिन जास्त जोरात कामाला लागतं. त्याला आवरायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. हे औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक जोडप्याने शोधलं.

५. हेपॅरिन थोडं शिल्लक राहू शकतं. आणि प्रोटामिन गरजेपेक्षा जास्त झालं तर त्यानेही रक्त गोठायला अडथळा येतो. दोन्ही बाजूंनी पंचाईत.

६. आणि कधी कधी कारण अगदी साधं असतं. एखाद्या टाक्यातून रक्त झिरपत असतं. त्याला औषध नाही, परत उघडून टाका घालावा लागतो.

छातीतून बाहेर आलेल्या नळ्यांना ड्रेन म्हणतात. आयसीयूतली नर्स दर तासाला ड्रेनमध्ये किती रक्त आलं ते लिहिते. ड्रेन एकदम वाढला तर काळजी, आणि अचानक थांबला तरी काळजी. नळी तुंबून रक्त हृदयाभोवती साठलं तर त्या दाबाने हृदयाला नीट भरताच येत नाही. याला टॅम्पोनाड म्हणतात आणि तेव्हा मिनिटं मोजावी लागतात.

शंभरातल्या दोन-पाच पेशंटना असं परत आत न्यावं लागतं. माझी आई त्यातली एक होती. तिचं कारण पाचवं-सहावं नव्हतं, प्लेटलेट्सचं होतं. आमच्या ग्रुपमधल्या पोरांनी दिलेल्या प्लेटलेट्स तिच्या अंगात गेल्या आणि पहाटेपर्यंत ड्रेन कमी झाला. त्या रात्रीपासून मी नियमित रक्तदान करतो.

रक्त गोठण्याचा ग्राफ

इतक्या कारणांमधलं नक्की कोणतं, हे कळणार कसं? अंदाजाने सगळंच देत बसलं तर जास्तीच्या रक्ताचेही तोटे असतात.

यासाठी टीईजी नावाचं मशीन आहे. कल्पना १९४८ ची, जर्मनीतल्या हेलमुट हार्टर्ट यांची. एका छोट्या कपात रक्त घ्यायचं, त्यात एक पिन सोडायची आणि कप हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचा. रक्त पातळ असेपर्यंत पिन हलत नाही. गुठळी होऊ लागली की ती पिनला पकडते आणि पिन कपाबरोबर हलायला लागते. ही हालचाल स्क्रीनवर ग्राफ म्हणून दिसते.

ग्राफ सुरू व्हायलाच उशीर झाला तर फॅक्टर्स कमी आहेत किंवा हेपॅरिन शिल्लक आहे. ग्राफ सुरू झाला पण रुंद झालाच नाही, तर प्लेटलेट्स किंवा फायब्रिनोजेन कमी. रुंद होऊन पटकन बारीक झाला, तर गुठळी लवकर विरघळतेय. आपण ॲप क्रॅश झाल्यावर लॉग बघतो ना, तसंच. नुसतं "चालत नाही" एवढं कळून उपयोग नसतो, कुठे अडलं ते बघावं लागतं.

आणखी एक कामाचं मशीन म्हणजे सेल सेव्हर. ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त ते ओढून घेतं, गोल फिरवून धुतं आणि लाल पेशी पेशंटला परत देतं. पण धुताना प्लेटलेट्स आणि फॅक्टर्स निघून जातात, म्हणून ते बाहेरून द्यावेच लागतात.

घरी आल्यावर गोष्ट उलटी

आईला मेटलची, म्हणजे मेकॅनिकल झडप बसवली. भारतातही अशी झडप बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने बनवलेली झडप १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली. अशी झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्तासाठी ती कायमची परकी वस्तू. तिच्यावर गुठळी होऊन झडप अडकू शकते किंवा गुठळी मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त थोडं कमी गोठेल अशी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल.

वॉरफरिनचा इतिहास भारी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडलेला स्वीट क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या टीमने त्या चाऱ्यातला पदार्थ शोधला. त्यावरून बनलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. फरक फक्त डोसचा. म्हणूनच या गोळीचा डोस हा खेळ नाही.

या गोळीचा परिणाम आयएनआर या आकड्याने मोजतात. रक्त गोठायला लागणारा वेळ प्रत्येक लॅबच्या केमिकलनुसार बदलतो. म्हणून पेशंटचा वेळ भागिले नॉर्मल वेळ काढतात आणि त्या केमिकलच्या आयएसआय नावाच्या आकड्याचा घात लावतात. समजा पेशंटचे ३० सेकंद आणि नॉर्मल १२. भागाकार २.५. आयएसआय १ असेल तर आयएनआर २.५, पण आयएसआय १.२ असेल तर तोच आयएनआर ३.० येतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसते सेकंद बघायचे नाहीत, आयएनआर बघायचा.

गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मेकॅनिकल मायट्रल झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

माझ्या अलार्मची चूक

आता खरी गोष्ट. आई-बाबा गावी, सांगली जिल्ह्यात. मी पुण्यात. गोळी चुकू नये म्हणून मी आईच्या फोनवर संध्याकाळी सातचा रिमाइंडर लावला. त्यात लिहिलं, "गोळी २ मिलीग्रॅम". तिचा फोन कधी कधी आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, म्हणून बॅकअप म्हणून बाबांच्या फोनवर साडेआठचा. मला वाटलं, काय मस्त सिस्टीम केलीय.

तपासणीत आयएनआर कमी आला. डॉक्टरांनी डोस ३ मिलीग्रॅम केला. मी फोनवर सांगितलं, "आई, डोस वाढवलाय." बाबांच्या फोनवरचा रिमाइंडर बदलला. आईच्या फोनवरचा बदलायचा राहिला.

दहा-बारा दिवसांनी आई बोलता बोलता म्हणाली, "अरे, दात घासताना रक्त येतंय. थोडंच आहे, तू काळजी नको करूस." मी विचारलं, आणखी काही? "दंडावर निळं पडलंय. कुठं आपटलं आठवत नाही."

मी बाबांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता आयएनआर करा. आला ६.२.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. सात वाजता आई तिच्या फोनप्रमाणे जुन्या स्ट्रिपमधली २ ची गोळी घेत होती. साडेआठला बाबांचा अलार्म वाजायचा आणि ते नव्या स्ट्रिपमधली ३ ची हातावर ठेवायचे. रोज ५ मिलीग्रॅम! मी म्हटलं, "अगं, दोन दोन गोळ्या कशा घेतल्यास?" ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, डोस वाढवलाय. मला वाटलं आधीची ती आणि वाढीव ही."

यावर मी काय बोलणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं. ऑफिसमध्ये मी हेच काम करतो. दोन ठिकाणी एकच माहिती ठेवली आणि एकच अपडेट केली तर काय होतं, हे मी ज्युनिअर मुलांना शिकवतो. आणि घरी मी तेच केलं. वर एका फोनला माहीतच नव्हतं की गोळी आधीच घेऊन झालीय.

डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळी दोन दिवस थांबवली आणि पुन्हा टेस्ट करून नवा डोस ठरवला. मोठा रक्तस्राव झाला नव्हता म्हणून एवढ्यावर निभावलं. तुमच्याकडे असं झालं तर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. पूर्ण बंद केली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. डॉक्टरांना फोन करा.

आता आमच्याकडे सात खणांचा प्लास्टिकचा डबा आहे, मेडिकलमध्ये साठ-सत्तर रुपयांना मिळतो. रविवारी बाबा तो भरतात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. आजचा खण रिकामा म्हणजे गोळी झाली, भरलेला म्हणजे राहिली. अलार्म एकाच फोनवर आहे आणि त्यात डोस लिहिलेला नाही. फक्त एवढंच लिहिलंय : "डबा बघ." डोस बदलला की जुनी स्ट्रिप घरात ठेवायची नाही.

फोननेच आयएनआर मोजता येईल का?

बोटातल्या एका थेंबावर आयएनआर दाखवणारी हातात मावणारी मशीन मिळतात. शुगरच्या मशीनसारखीच, पण स्ट्रिप बऱ्याच महाग पडतात. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि अधूनमधून लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघा.

२०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. एका छोट्या कपात रक्ताचा थेंब, गोठवणारं केमिकल आणि तांब्याचा बारीक कण. फोनची व्हायब्रेशन मोटर कपाला हलवते आणि कॅमेरा कणाकडे बघत राहतो. रक्त गोठलं की कण हलायचा थांबतो. लागलेल्या वेळेवरून आयएनआर काढायचा. बघा, १९४८ च्या कप आणि पिनचीच ही नवी आवृत्ती!

पण हे संशोधन आहे, आणि त्यात रक्त लागतंच. कॅमेऱ्यावर नुसतं बोट ठेवून आयएनआर दाखवणारं ॲप कुठे दिसलं तर त्यावर एक गोळीही बदलू नका.

घरात कोणी ही गोळी घेत असेल तर

- अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. काही अँटिबायोटिक्स, बुरशीची औषधं आणि आयुर्वेदिक काढे यांनीही आयएनआर हलतो. कोणतंही नवं औषध आधी विचारून घ्या.
- पालक, मेथी, कोथिंबिरीत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाज्या बंद करायच्या नाहीत. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं.
- एक दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.
- दात काढायचा असेल किंवा छोटं ऑपरेशन असेल तर गोळीबद्दल आधीच सांगा.
- मूल हवं असलेल्या बाईने आधीच डॉक्टरांशी बोलावं. वॉरफरिन पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं.
- डोक्याला मार, काळी शी, लघवीतून रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलता न येणं, झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज बंद पडणं : यातलं काहीही झालं तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.
- फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरायची सोय असते. तिथे गोळीचं नाव आणि "मेकॅनिकल झडप" लिहून ठेवा. फोन लॉक असला तरी ते बघता येतं.

शेवटचा आयएनआर २.९ आला. रात्री शांतता असली की आईच्या छातीतली टिकटिक मला फोनवरही ऐकू येते. आधी ती भीतीदायक वाटायची, आता बरं वाटतं.

मित्रांनो, आज रात्री घरी फोन लावा आणि एवढंच विचारा, गोळी कोण देतं, कोणत्या स्ट्रिपमधली, आणि अलार्म किती फोनवर लावलाय? उत्तर ऐकून दचकलात तर आजच नीट करा. लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा.